मागची शेगडी

कापसाच्या जिनाच्या फाटकात गाडी लावून उस्ताद सीटवरच बसून राहायचे. शेठ आतल्या गादीवरून ओरडायचा, "अबे, इकडं ये जरा." उस्ताद डोकं बाहेर काढून म्हणायचे, "तुमीच या ना, शेठ. गाडी तुमचीच हाये, पाहून घ्या कशी हाये ते." आणि गंमत अशी की शेठ यायचा. शिव्या देत, धोतर सावरत, पण यायचा. लढाईतली ती जुनी गाडी हाकू शकेल असा दुसरा माणूस त्याला अख्ख्या यवतमाळात मिळाला नव्हता, आणि हे शेठपेक्षा उस्तादांना जास्त पक्कं ठाऊक होतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीच फाटकाआड सरकलो. मी रत्नागिरीकडचा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. मामा यवतमाळला एका जिनात आचारी होता, त्याच्या भरवशावर एवढ्या लांब आलो. चार महिन्यांत मामाला इथलं ऊन मानवलं नाही, तो गावी निघून गेला. मी राहिलो. गावी बायको होती, म्हातारी आई होती, आणि मालक बोलला की मान खाली घालायची एवढंच मला येत होतं. अशा माणसाची उस्तादांशी गाठ पडली.

उस्ताद दिसायला काटकुळे होते. खाकी शर्ट, त्याला पितळी गुंड्या, आणि त्या गुंड्या रोज चिंचेनं घासलेल्या. दाढी रोज, गाडीच्या आरशात. त्यांची बायको म्हणायची, "घरात आरसा हाये, पन यायले गाडीतलाच पायजे. मांगून कोन येते थे दिसते म्हने." जिनात शेठचं वर्तमानपत्र यायचं. ते आणणाऱ्या पोऱ्याच्या हातून उस्ताद फाटकातच काढून घ्यायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे, नीट घडी घालून आत पाठवायचे आणि वर निरोप, "शेठले सांग, वाचून झाला. त्याईच्या कामाचं आज काई नाई."

नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांनी घरातले देव नदीत सोडले होते आणि रामराम घालणंही सोडलं होतं. वाटेत कोणी मुद्दाम, त्यांना डिवचायला, लांबून "रामराम हो उस्ताद" म्हणालं की ते हात वर करून म्हणायचे, "हाव, हाव, बरं हाये. तुमचं सांगा." त्यात राग नसायचा. पण समोरचा माणूसच ओशाळायचा.

हॉर्नच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. बैलगाडी पुढं असली की हॉर्न नाही. मैलभर मागं मागं चालतील, पण वाजवणार नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बैलाले काय मालूम आपन कोन हावो? त्याच्यावर कायले रुबाब?" आणि पुढं साहेबाची जीप असली तर मात्र हात हॉर्नवरून निघायचाच नाही. आर्णीच्या अलीकडे एकदा एक जीप थांबली, चपराशी उतरून आला. "दिसत नाही का रे कोणाची गाडी आहे ती?" उस्ताद म्हणाले, "दिसते ना बावा. म्हनूनच वाजवून राह्यलो." मी सीटखाली शिरायचा बाकी होतो.

मला ते 'कोकण्या' म्हणायचे. माझी चौथी त्यांना मंजूर नव्हती. रस्त्यात मैलाचा दगड आला की गाडी हळू करायची आणि हुकूम सोडायचा, "वाच." गावाचं नाव, आकडा, मोठ्यानं वाचायचं. चुकलो की गाडी उलटी घेऊन पुन्हा त्याच दगडापाशी. रिकाम्या फेऱ्यांना ते मला सुकाणूवर बसवायचे आणि स्वतः दारात उभं राहून रस्त्यावरच्या लोकांना सांगायचे, "सरका हो, कोकण्या येऊन राह्यला, ह्याले समुद्र लागते, रस्ता पुरत नाई." पुढं परवान्याच्या परीक्षेला मी साहेबासमोर बसलो तेव्हा पाट्या घडाघडा वाचल्या त्या या दगडांच्या जोरावर. ते उपकार कुठं मांडायचे, मला कळलेलं नाही.

आता त्या गाडीचं सांगतो. लढाईत ती जखमी सोल्जर वाहायची. मागं बंद डबा, आत झोपवायच्या फळ्या. लिलावात शेठनं ती घेतली, डबा कापून कापसासाठी उघडा हौदा केला. पण हौद्यात, ड्रायव्हरच्या पाठीशी, एक लोखंडी पेटी तशीच राहिली होती. थंड मुलुखात जखमींना ऊब मिळावी म्हणून ती बसवलेली. इंजिनातलं उकळतं पाणी एका रबरी नळीनं गाडीच्या पोटाखालून त्या पेटीत यायचं, पेटी तापायची, आणि दुसऱ्या नळीनं पाणी परत इंजिनात जायचं. तिला जिनात सगळे शेगडी म्हणत.

शेठचा त्या शेगडीवर फार जीव. पौषात पहाटे कापूस घ्यायला महागावकडे निघाला की तो केबिनमध्ये बसायचा नाही. मागं हौद्यात शेगडीवर गादी टाकून, शाल पांघरून बसायचा. जेवणाचा डबाही तिच्यावरच. गावोगावच्या व्यापाऱ्यांना सांगायचा, "मिलिटरीची गाडी हाये, बसायच्या जागेले गरम पानी खेळते." लोकही हात लावून पाहत आणि चटका बसला की वाहवा करत.

पण त्या दोन नळ्या होत्या जुन्या. उन्हानं चिरलेल्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून जगवलेल्या. तेवढ्या लांब नळ्या तिकडं मिळत नव्हत्या. खड्डा आला की टपटप सुरू. यवतमाळहून भरून निघालेली टाकी आर्णी येईतो निम्मी व्हायची, आणि मग रेडिएटरच्या झाकणातून वाफ. पाणी घातल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि पाणी होतं गावांच्या विहिरींत.

मला शेठनं ठेवलं ते याच्यासाठी. ठेवताना त्यानं पहिला प्रश्न विचारला तो जातीचा. मी सांगितली. "चालते," तो म्हणाला, "बालटी उचल." ड्रायव्हरच्या जोडीला माणूस पाहिजे असेल, असं मी समजलो.

माझ्या पहिल्याच फेरीत गाडी एका गावापाशी उकळून उभी राहिली. मी बादली घेऊन विहिरीवर धावलो. तिथल्या पाटलाच्या गड्यानं गाडीकडे पाहिलं, उस्तादांना ओळखलं, आणि मला पाणी शेंदून दिलं. देताना म्हणाला, "ने बापू. पन बालटी त्याच्या हाती नको देजो. तूच ओत. बालटी इहिरीत परत येते." मी आपला खुळा. येऊन जसंच्या तसं उस्तादांना सांगितलं. ते खाली उतरले, माझ्या हातून बादली घेतली, रस्त्याच्या कडेला एक बाभळीचं रोप होतं त्याच्या बुडाशी सगळं पाणी ओतलं, आणि बादली मला परत दिली.

"उस्ताद, गाडी?"

"गाडी थंडी होईन ना आपोआप. आपल्याले कोनती घाई हाये?"

मागं शेगडीवर शेठ बसला होता. तो ओरडला, कापूस उचलायचा होता, उशीर होत होता. उस्तादांनी दोन डबे घेतले आणि शेतांमधून नाल्याकडे चालायला लागले. नाला दिसतही नव्हता इतका लांब. मी धावत मागं गेलो, म्हणालो, "मी परत आणतो ना विहिरीवरून, माझं काय जातं?" ते थांबले. "तुहं काई जात नाई रे कोकण्या, म्हनूनच तं तुले ठेवलं. पन तुह्या जातीवर माही गाडी चालनार नाई. नाल्याले विचारा लागत नाई, नाला विचारत नाई." पौषात नाल्यांना पाणी होतं. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं सगळ्या तालुक्याचे नाले हिंडलो.

होळी झाली आणि नाले आटले.

तेव्हा उस्तादांनी शेठकडे पहिल्यांदा काही मागितलं. जिनाच्या अंगणात, सगळे मापारी-हमाल ऐकत असताना. "शेठ, थे शेगडी काढून टाकतो. सारं पानी तिच्यापायी चाललं."

"मिलिटरीचं सामान हाये. काढायचं नाई."

"उनाळ्यात तुमाले शेगडी पायजे?"

"हिवाळा येनार नाई का फिरून?"

"म्हंजे तुमची बैठक गरम ठेवाले मी गावोगाव तोंड वेंगाडू?"

शेठ हसला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तू कायले वेंगाडतं? हा वेंगाडन. त्याच्यासाठीच तं ह्याले ठेवला."

हमाल हसले. मीही हसलो असेन. उस्ताद हसले नाहीत. गाडीपाशी आले, सीटखालची पाने-पकडींची पिशवी काढली, आणि तिथंच, भर दुपारी, शेठच्या डोळ्यांदेखत हौद्यात चढले. वरून मला म्हणाले, "कोकण्या, खालून बोल्ट धर."

 शेगडी गेली की गळती गेली, गळती गेली की बादली गेली, बादली गेली की मी गेलो. मी गावी काय तोंड दाखवू? एवढं सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. आणि तरी मी गाडीखाली शिरलो. का शिरलो, ते आजही नेमकं सांगता येणार नाही. कदाचित हमालांचं हसणं कानात होतं.

बोल्ट गंजून एक झालेले. रॉकेल घातलं, ठोकले, एक तर शेवटी करवतीनं कापावा लागला. नळ्या ओढल्या तर हातात त्यांचा चुरा आला. शेगडी उचलून खाली फेकली तेव्हा तिच्यातून गेरूसारखं लाल पाणी वाहिलं आणि अंगणभर पसरलं. शेठ गादीवरून उठून दारापर्यंत आला, तिथंच उभा राहिला.  "याद राख," एवढंच म्हणाला.

"ठेवतो," उस्ताद म्हणाले.

इंजिनाला आता दोन तोंडं उघडी राहिली. एकातून गरम पाणी बाहेर यायचं, दुसऱ्यातून परत आत जायचं. उस्तादांनी नव्या नळीचा एक वीतभर तुकडा घेतला, वाकवला आणि दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून पट्ट्या आवळल्या. "झालं," म्हणाले, "चोराचं घर बंद." आणि पितळी गुंड्यांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी लोहाऱ्याच्या चढावर अशी उकळली की झाकण उडून शेतात पडलं. पाण्याचा एक थेंब गळला नव्हता आणि तरी उकळली. जिनात बातमी आमच्या आधी पोचली. शेठनं चहा मागवला, हमालांनाही पाजला. "काय मेकॅनिक साहेब? शेगडी होती तवा आर्णीपर्यंत तं जात होती!"

दुसरा कोणी असता तर नळीवर, पेट्रोलवर, रस्त्यावर ढकललं असतं. उस्ताद गाडीच्या बॉनेटवर चढले आणि सगळ्या जिनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकलं. माहं चुकलं. ऐका सारे, पुन्हा सांगनार नाई." मग मला पुढं बोलावलं. "पाह्य. थे गरम पानी मांगं शेगडीत जात होतं, थोडं थंडं होऊन येत होतं. मी त्याले तिकडून उचललं आन् तसंच उकळतं फिरून इंजनातच घातलं. रेडिएटरले भेटूच देलं नाई. पंगतीतून उठवलं आन् पुन्हा त्याच पंगतीत बसवलं!" स्वतःच्या चुकीवर ते असे हसले की शेठचा चहा थंड झाला.

मग आम्ही बाजारात कल्हईवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे एक फुटका तांब्याचा बंब पडला होता, आंघोळीच्या पाण्याचा. उस्तादांनी त्याची तोटी मागितली. कल्हईवाला म्हणाला, "गाडीले तोटी? अंघोळ घालता का तिले?" "घालतो ना," उस्ताद म्हणाले, "तू फक्त डाग नीट दे." रेडिएटरच्या वरच्या अंगाला भोक पाडून ती तोटी तिथं डाग देऊन पक्की बसवली. इंजिनाच्या गरम तोंडाची नळी आता त्या तोटीवर. म्हणजे सगळं उकळतं पाणी आधी रेडिएटरमध्ये उतरणार, निवणार, मग इंजिनात. आणि परतीचं जे रिकामं तोंड उरलं त्यात उस्तादांनी सागाची खुंटी तासून ठोकली, वर पट्टी आवळली. "साग भिजला का फुगते. जितकं पानी लागन तितका घट्ट."

शेठनं ती तोटी पाहिली. बोटानं टिचकी मारली. आणि सगळ्यांदेखत अट घातली. "आता महागावचा फेरा. मी सोबत येतो. रस्त्यात गाडी उकळली आन् पानी मांगाची पाळी आली, तं तू तिथंच खाली उतर. चाबी ह्याच्या हाती दे." ह्याच्या म्हणजे माझ्या. त्याला वाटत होतं, मी रिकाम्या फेऱ्यांना गाडी हाकतो एवढं पुरे आहे.

उस्ताद म्हणाले, "आन् नाई मांगा लागलं तं?"

"तं पाहू."

"पाहू नाई. पानी लागलं नाई तं उद्या तुमी ह्याले काढसान, का आता बालटीचं काम नाई. थे जमनार नाई. गाडी नाई उकळली तं ह्यालेबी ड्रायव्हर म्हनून ठेवा लागन. तुमी दुसरी गाडी घेऊन राह्यले ना, तिच्यावर."

 माझ्यासाठी असं भांडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो भांडत होता ते त्याच्या स्वतःच्या खुर्चीखाली सुरुंग असताना. शेठ म्हणाला, "मंजूर." त्याला खात्री होती.

चैत्र संपत आला होता. जाताना गाडी रिकामी होती, काही झालं नाही. महागावला कापूस भरला, इतका उंच की दोर आवळताना हमाल लटकले. परतीला दुपार झाली. मी मधे, डावीकडे शेठ, उजवीकडे उस्ताद. पाण्याची उष्णता दाखवणारा काटा लढाईपासूनच मेलेला. मी समोरच्या झाकणावर डोळे लावून बसलो होतो. काचेबाहेर सगळं थरथरत होतं, त्यामुळं दर थोड्या वेळानं मला वाफच दिसायची. "उस्ताद, वाफ?" "धूळ हाये, कोकण्या." पुन्हा, "उस्ताद..." "धूळच हाये रे लेकाच्या, गप बस." चढ आला. गाडी कण्हत वर चढली. गेली. दुसरा चढ. तोही गेला. शेठ खिडकीतून मान बाहेर काढून झाकणाकडे पाहत होता, मी आतून.

शेठची पाण्याची सुरई दुसऱ्या चढावरच्या खड्ड्यात फुटली होती. त्याचे ओठ पांढरे पडले. उस्तादांची कॅनव्हासची पिशवी दारापाशी लटकत होती, ओली, गार. उस्तादांनी समोर रस्त्यावर नजर ठेवूनच विचारलं, "माह्यापाशी हाये पानी. देऊ?"

शेठनं पिशवीकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळानं एक गाव दिसलं. रस्त्याला लागूनच विहीर, वर एक बाई पाणी शेंदत होती.

"थांबव," शेठ म्हणाला.

"थांबवतो. पन इंजन बंद करत नाई. गाडी थांबली नाई शेठ, तुमी थांबवली. कोकण्या, तू गवाह."

गाडी उभी राहिली. इंजिन चालू, संथ, झाकण जागेवर, वाफेचा धागासुद्धा नाही. शेठनं माझ्याकडे पाहिलं. "जा. आन."

माझा हात सवयीनं पायाशी गेला. तिथं बादली नव्हती, उस्तादांनी ती यवतमाळलाच ठेवली होती. पण लोटा होता, आणि मी जाऊ शकलो असतो. सगळं आयुष्य मी अशा वेळी गेलोच होतो.  मदतीला उस्तादांनी एक शब्द टाकला असता तर सोपं झालं असतं, पण टाकला नाही. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"शेठ," मी म्हणालो, "गाडी उकळली नाही. मी ड्रायव्हर आहे आता."

 शेठ दार उघडून उतरला. डोक्याला कापूस चिकटलेला, धोतर धुळीनं लाल, एकटा त्या विहिरीकडे चालत गेला. बाईनं त्याला ओळखायचं काही कारणच नव्हतं. तिनं कळशी काठावर टेकवली, पदर सारखा केला आणि त्या गावात परक्याला विचारतात तेच विचारलं, "कोन लोकं म्हना तुमी?"

शेठनं जात सांगितली. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावला. शेठनं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.

उस्तादांनी पाय हळूच अॅक्सिलरेटरवर ठेवला आणि दाबला. शेठला तिसऱ्यांदा सांगावं लागलं, ओरडून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.